पेटीतला बर्फ टिकला तरच मासळीला भाव! होडीवरील मासळी पेटीची निगा, दुरुस्ती आणि घरच्या घरी बदल कसे करावेत? वाचा सविस्तर

इंदापूर : उजनीच्या पाणलोटावर पहाटे जाळं काढायचं, उजाडायच्या आत किनारा गाठायचा आणि भिगवण किंवा इंदापूरच्या लिलावात मासळी लावायची, हा इंदापूर तालुक्यातल्या शेकडो कुटुंबांचा रोजचा दिनक्रम आहे. होडी, जाळं, इंजिन यांवर पैसा खर्च होतो, त्यांची काळजीही घेतली जाते. मात्र ज्या पेटीत मासळी ठेवायची, ती अनेकदा होडीतली सर्वात दुर्लक्षित वस्तू असते. झाकण तुटलेलं, थर्माकोल ओला झालेला, भोकाला कापडाचा बोळा लावलेला. अशा पेटीत बर्फ लवकर संपतो, मासा मऊ पडतो आणि लिलावात दर उतरतो.

ही पेटी सुधारायला फार खर्च येत नाही. थोडी माहिती आणि एखाद्या दिवसाचं काम पुरतं. पेटी कशी असावी, ती रोज कशी सांभाळावी, बिघडली तर काय करावं आणि होडीत कुठे ठेवावी, हे या लेखात पाहू.

मासा खराब व्हायला किती वेळ लागतो?

मासा मेला की त्याच्या अंगातले पाचक रस आणि जिवाणू कामाला लागतात. ऊन जितकं जास्त, तितकं हे काम वेगात होतं. मासळीच्या अभ्यासात एक ढोबळ हिशोब वापरतात. बर्फात, म्हणजे ० अंश तापमानाला मासा २४ तासांत जितका उतरतो, तितकाच तो १० अंशाला साधारण ६ तासांत उतरतो. ३० अंशाला तेवढंच नुकसान व्हायला दीड तास पुरतो.

इंदापूर, बारामतीत एप्रिल-मे महिन्यात दुपारचा पारा ४० अंशांच्या आसपास जातो. सकाळी सातलाही होडीच्या तापलेल्या तळावर पडलेला मासा गारव्यात नसतो. म्हणजे जाळ्यातून सुटल्यानंतरचे पहिले दोन तासच दर ठरवतात. "किनाऱ्यावर गेल्यावर बर्फ टाकू" म्हणणाऱ्याचा निम्मा माल तोवर उतरलेला असतो. एकदा उतरलेला मासा नंतर कितीही बर्फ टाकला तरी ताजा होत नाही. बर्फ फक्त पुढचं नुकसान थांबवतो.

समजा दिवसाला ३० किलो मासळी निघाली. त्यातली ६ किलो मऊ पडली आणि तिला किलोमागे ३० रुपये कमी मिळाले, तर रोजचे १८० रुपये गेले. महिन्यात २५ दिवस धंदा धरला तर साडेचार हजार रुपये होतात. पेटीच्या दुरुस्तीला याहून बराच कमी खर्च येतो.

पेटीची भिंत किती जाड असावी?

पेटी बर्फ तयार करत नाही. बाहेरची उष्णता आत जायला उशीर लावणं एवढंच तिचं काम. ते काम पत्रा किंवा प्लास्टिक करत नाही, मधला थर्माकोल किंवा फोम करतो. म्हणून पेटी घेताना बाहेरचा रंग बघण्याआधी भिंतीची जाडी बघावी.

एक हिशोब पाहा. आतून ७५ सेंटीमीटर लांब, ४० सेंटीमीटर रुंद आणि ३५ सेंटीमीटर खोल अशी पेटी घेतली तर ती साधारण १०५ लिटरची होते. बाहेर ३५ अंश तापमान आहे आणि पेटी सावलीत बंद ठेवली आहे, असं धरू.

- भिंतीत अडीच सेंटीमीटर, म्हणजे एक इंच थर्माकोल असेल तर तासाला साधारण ८०० ग्रॅम बर्फ नुसत्या भिंतीतून येणाऱ्या उष्णतेनं वितळतो. आठ तासांत साडेसहा किलो.
- तोच थर्माकोल ५ सेंटीमीटर, म्हणजे दोन इंच असेल तर तासाला सुमारे ४५० ग्रॅम. आठ तासांत साडेतीन ते पावणेचार किलो.
- फ्रिजमध्ये असतो तसा पीयू फोम असेल तर तेवढ्याच जाडीत आणखी कमी बर्फ वितळतो.

पेटी उन्हात असेल, झाकण सैल असेल किंवा थर्माकोल ओला असेल तर हे आकडे बरेच वाढतात. त्यामुळे दोन इंचांपेक्षा कमी भिंत आपल्या भागातल्या उन्हाळ्याला पुरत नाही. झाकणात आणि तळातही तेवढीच जाडी हवी. बऱ्याच पेट्यांच्या भिंती जाड असतात, पण झाकण पोकळ प्लास्टिकचं असतं. होडीत वरून ऊन पडतं आणि ते झाकणावरच पडतं, हे विसरू नये.

बर्फ किती घ्यावा, कसा भरावा?

३० किलो मासळी पाण्याच्या २८ अंश तापमानावरून ० अंशाला आणायला साधारण ९ किलो बर्फ लागतो. त्यात भिंतीतून वितळणारा बर्फ मिळवा, झाकण उघडल्यावर जाणारा गारवा मिळवा, बर्फ फोडताना सांडणारा चुरा मिळवा. चांगल्या पेटीत, हिवाळ्यात आणि जवळच्या बाजारासाठी १ किलो मासळीला अर्धा किलो बर्फ चालतो. उन्हाळ्यात किंवा माल लांब जाणार असेल तर १ किलोला १ किलो हाच नियम ठेवावा.

भरण्याची पद्धत अशी :

१. पेटी आदल्या रात्रीपासून सावलीत ठेवावी. तापलेल्या पेटीत बर्फ टाकला तर पहिला घास पेटीच खाते.

२. लादी पोत्यात घालून लाकडी मोगरीनं बारीक फोडावी. मोठे खडे माशाला एकाच ठिकाणी टेकतात आणि अंगावर वळ उठतात. चुरा सगळीकडून बिलगतो आणि लवकर थंड करतो.

३. तळाला प्लास्टिकची जाळी, तिच्यावर चार बोटं बर्फ, मग माशांचा एक थर, पुन्हा बर्फ. सर्वात वर पुन्हा बर्फाचा जाड थर.

४. मासा भिंतीला थेट टेकू देऊ नये. भिंतीकडूनच उष्णता येते, म्हणून कडेनंही बर्फ हवा.

५. झाकण वारंवार उघडू नये. एका फेरीतले मासे ओल्या गोणपाटाखाली गोळा करून एकदम भरावेत. मात्र गोणपाटाखालचा वेळ पंधरा-वीस मिनिटांच्या पुढे जाऊ नये.

बर्फ कुठला, हेही महत्त्वाचं आहे. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनानं २०१८ साली खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग देणं सक्तीचं केलं. मासळीला बर्फ थेट लागतो, तिच्यासोबत घरात जातो. म्हणून मासळीला पिण्याच्या पाण्याचा पांढरा बर्फच वापरावा. निळा बर्फ स्वस्त पडला तरी पेटीत टाकू नये.

रोजची निगा : पंधरा मिनिटांचं काम

लिलाव झाला की पेटी तशीच बंद करून होडीत टाकली जाते. दुसऱ्या दिवशी उघडली की वास येतो. हा वास म्हणजे कालचे जिवाणू. आजचा ताजा मासा त्यांच्यातच पडतो.

आधी पेटीतलं पाणी पूर्ण काढावं. खवले, रक्त, चिकटा ब्रशनं आणि धुण्याच्या पावडरनं घासावा. कोपरे आणि झाकणाचं रबर विसरू नये. नंतर साध्या पाण्यानं धुवून ब्लीचिंग पावडरचं पाणी फिरवावं. १० लिटर पाण्याला साधारण ४ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा पावडर पुरते. पावडर जुनी, हवा लागलेली असेल तर तिचा जोर कमी झालेला असतो. हे पाणी दहा मिनिटं ठेवून पुन्हा चांगल्या पाण्यानं धुवावं. ब्लीचिंग पावडरमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू होतो.

शेवटचं धुणं धरणाच्या पाण्यानं करू नये. उजनीत पुणे, पिंपरी-चिंचवडकडून सांडपाणी येतं आणि उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. शेवटच्या धुण्याला नळाचं किंवा बोअरचं स्वच्छ पाणी एक बादली पुरतं.

धुतल्यावर झाकण उघडं टाकून पेटी सावलीत, तिरकी करून वाळवावी. उन्हात कायम ठेवली तर प्लास्टिक ठिसूळ होतं आणि रबर कडक होतं. पेटीत डिझेलचा डबा, जाळी किंवा इंजिनाचे पाने ठेवू नयेत. डिझेलचा वास एकदा प्लास्टिकला लागला की जात नाही आणि व्यापारी पहिला नाकानं माल पारखतो.

पेटी बिघडली हे कसं ओळखावं? तीन सोप्या चाचण्या

वजनाची चाचणी. नवी पेटी रिकामी आणि कोरडी असताना लिलावाच्या काट्यावर तोलावी आणि वजन पेटीच्या बाजूला पक्क्या शाईनं लिहून ठेवावं. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तोलावी. दोन-तीन किलो वाढ दिसली तर भिंतीच्या आत पाणी शिरलंय असं समजावं. ओला थर्माकोल उष्णता अडवत नाही, शिवाय होडीवर फुकटचं वजन वाढवतो.

उजेडाची चाचणी. रात्री मोबाईलची बॅटरी लावून पेटीत ठेवावी आणि झाकण लावावं. बाहेरून जिथे उजेडाची रेघ दिसते, तिथून गारवा जातो.

पाण्याची चाचणी. पेटीत १० किलो बर्फ टाकून आठ तास सावलीत बंद ठेवावी. नंतर वितळलेलं पाणी मापात काढावं. जितके लिटर पाणी, तितके किलो बर्फ वितळला. वर दिलेल्या १०५ लिटरच्या दोन इंची पेटीत चार-पाच लिटर पाणी निघालं तर पेटी ठीक आहे. सात-आठ लिटर निघालं तर दुरुस्ती हवी.

दुरुस्ती : काय करावं, काय करू नये

झाकण आणि रबर. बहुतेक गळती इथेच असते. भंगारातल्या फ्रिजच्या दाराचं रबर कापून झाकणाच्या कडेला लावता येतं. ते नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कडेनं चिकटवावी. कडी तुटली असेल तर ट्यूबचेच दोन पट्टे करून झाकणावरून ताणून अडकवावेत. ट्यूबचा ताण झाकण सगळीकडून दाबून धरतो आणि पट्टा गंजत नाही. लोखंडी बिजागरीऐवजी स्टीलची वापरावी, किंवा झाकण सुटंच ठेवून दोरीनं पेटीला बांधावं.

पाणी काढायचं भोक. भोक तळाच्या एका कोपऱ्यात असावं आणि त्याला घट्ट रबरी बूच असावं. कापडाचा बोळा चालत नाही, तोच वास धरतो. भोकाच्या आतल्या कडेनं थर्माकोल उघडा दिसत असेल तर पाणी तिथूनच भिंतीत शिरतं. प्लास्टिक पाईपचा छोटा तुकडा भोकात बसवून दोन्ही बाजूंनी सीलंट लावावं.

तडा गेलेली फायबरची पेटी. तड्याच्या दोन्ही बाजू पॉलिश पेपरनं घासाव्यात. आतला भाग पूर्ण वाळवावा, यासाठी दोन-चार दिवस लागले तरी घाई करू नये. ओल्यावर लावलेलं फायबर सुटतं. मग फायबर मॅट आणि रेझिनचे दोन थर द्यावेत.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, होडीला वापरतात ते साधं पॉलिस्टर रेझिन थर्माकोलला लागलं की थर्माकोल वितळतो. पेट्रोल, थिनर आणि बरेचसे रबरी गोंदही तेच करतात. थर्माकोल उघडा पडला असेल तर त्यावर एपॉक्सी वापरावं. दुसरी गोष्ट, रेझिनसोबत हार्डनर आणि कोबाल्ट अशा दोन बाटल्या मिळत असतील तर त्या दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा, मगच हार्डनर घालावा. काम उघड्यावर करावं, हातमोजे घालावेत, विडी-सिगारेट लांब ठेवावी. दुरुस्तीनंतर पेटीचा वास पूर्ण जाईपर्यंत तिच्यात मासळी भरू नये.

ओला थर्माकोल. भिंतीत पाणी शिरलं असेल तर वरून लेप देऊन उपयोग नाही. आतला पत्रा किंवा अस्तर काढून थर्माकोल बदलावा. नवा थर्माकोल पातळ नको, दाबून बघितल्यावर सहज न दबणारा घट्ट शीट घ्यावा. दोन शीट लावताना वरच्या शीटचा सांधा खालच्या शीटच्या सांध्यावर येऊ देऊ नये. प्रत्येक शीट जाड प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून सांध्यांना चिकटपट्टी मारली तर पुन्हा पाणी शिरायला वेळ लागतो.

घरच्या घरी पेटी कशी बनवावी?

जुन्या फ्रिजची पेटी. बंद पडलेला एकदारी फ्रिज आडवा टाकला की तयार पेटी मिळते. भिंतीत फोम, दाराला रबर, आतून गुळगुळीत. मात्र त्यातला गॅस आणि कॉम्प्रेसर फ्रिज मेकॅनिककडूनच काढून घ्यावा, स्वतः नळी कापू नये. दाराचं चुंबकी रबर आडव्या पेटीला पुरत नाही, वरून पट्टा हवाच. फ्रिजचा बाहेरचा पत्रा पाण्याजवळ लवकर गंजतो, त्याला आधीच रंग द्यावा. ही पेटी जड आणि लांब असते. लहान होडीत ती घेऊ नये, किनाऱ्यावर साठवणीसाठी वापरावी. आणखी एक, रिकामी पेटी लहान मुलांच्या हाताशी ठेवू नये. मूल आत लपलं आणि दार बसलं तर आतून उघडत नाही. आपोआप बसणारी कडी काढूनच टाकावी.

क्रेट आणि थर्माकोल. भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये मापाचा थर्माकोल बॉक्स बसवला तर थर्माकोल फुटत नाही आणि उचलायला कान मिळतात. बॉक्सच्या आत जाड प्लास्टिकचं अस्तर घालावं, ते रोज काढून धुता येतं. एक इंची बॉक्स असेल तर क्रेट आणि बॉक्सच्या मधल्या जागेत थर्माकोलचे तुकडे घट्ट भरावेत.

निळा ड्रम. दोनशे लिटरचा प्लास्टिक ड्रम उभा चिरून, आतून थर्माकोल लावूनही पेटी होते. पण ड्रममध्ये आधी काय होतं, हे माहीत असल्याशिवाय घेऊ नये. कीटकनाशक, रंग किंवा रसायनांचा ड्रम कितीही धुतला तरी मासळीला चालत नाही. खाण्याच्या मालाचाच ड्रम घ्यावा.

ओलं गोणपाट. सर्वात स्वस्त उपाय हाच. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असते, त्यामुळे झाकणावर टाकलेलं ओलं गोणपाट माठासारखं काम करतं. पाणी सुकताना पेटीची उष्णता घेऊन जातं. पेटीला बाहेरून पांढरा रंग आणि वर ओलं गोणपाट, एवढ्यानंही बर्फ जास्त टिकतो. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा याचा फारसा फायदा होत नाही.

होडीत पेटी कुठे ठेवावी? हा जिवाचा प्रश्न आहे

३० किलो मासळी, ३० किलो बर्फ आणि १२ किलोची पेटी म्हणजे ७२ किलो. होडीत एक जादा माणूस बसल्यासारखंच आहे. फरक एवढाच की माणूस होडी कलली की तोल सावरतो, पेटी मात्र कललेल्या बाजूलाच सरकते.

२१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जणांचा बुडून मृत्यू झाला. ती मासेमारीची होडी नव्हती. पण उजनीचं पाणी वाऱ्यानं किती लवकर बदलतं, हे त्या दिवशी दोन्ही तालुक्यांनी पाहिलं. म्हणून पेटी बसवताना पुढचे नियम पाळावेत :

- पेटी होडीच्या मध्यावर, तळाला टेकून ठेवावी. फळीवर, टोकाला किंवा काठाला नको.
- पेटी सरकू नये म्हणून तळाला दोन लाकडी पट्ट्या ठोकाव्यात आणि दोरीनं बांधावी. गाठ एका झटक्यात सुटेल अशी हवी.
- पेटीचं पाणी होडीच्या तळात सोडू नये. तळात सुटलेलं पाणी होडी कलली की त्याच बाजूला धावतं आणि आणखी कलवतं. बुचाखाली बादली धरून पाणी बाहेर टाकावं.
- माल जास्त मिळाला तर पेटीवर पोती रचू नयेत. वजन जितकं उंच, होडी तितकी डळमळीत. त्यापेक्षा दुसरी फेरी परवडली.
- झाकण आवळलेली रिकामी पेटी पाण्यावर तरंगते, हे खरं. पण लाईफ जॅकेटची जागा ती घेत नाही. होडीतल्या प्रत्येकाच्या अंगात जॅकेट हवंच.
- वारा सुटला, आभाळ भरून आलं तर पेटी भरायची वाट पाहू नये. किनारा गाठावा.

लहान होडीला एका मोठ्या पेटीपेक्षा दोन लहान पेट्या सोयीच्या पडतात. हे खरं आहे की मोठ्या पेटीत किलोमागे बर्फ थोडा कमी लागतो. पण दोन पेट्या असल्या की वजन दोन्ही बाजूंना सारखं वाटता येतं, एक उघडली तरी दुसरी बंद राहते आणि भरलेली ३५-४० किलोची पेटी दोघं जण सहज उचलतात. मोठी आणि लहान मासळी वेगळी ठेवता येते, त्यामुळे लिलावात वर्गवारीही पटकन होते.

उन्हाळ्यात पाणी मागे जातं, तेव्हा

१९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात झपाट्यानं ओसरतं. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. अशा वेळी पळसदेवचं पाण्याखालचं जुनं मंदिर उघडं पडतं. पर्यटकांना ते बघायला मिळतं, मच्छीमाराला मात्र होडीपासून रस्त्यापर्यंत गाळातून पेटी वाहावी लागते. सर्वात जास्त ऊन असतं तेव्हाच ही वाट सर्वात लांब होते.

यासाठी पेटीला दोन्ही बाजूंना दोरीचे मजबूत कान करावेत. प्लास्टिकचे कान भरलेल्या पेटीला टिकत नाहीत. कानातून बांबू घालून दोघांनी खांद्यावर घेतली तर गाळात पाय टाकणं सोपं जातं. किनाऱ्यावर पोहोचल्यावर आधी वितळलेलं पाणी काढावं, वरून नवा बर्फ टाकावा आणि मगच गाडीवर चढवावी.

भिगवणहून बारामती पंचवीस-तीस किलोमीटर, पुणे शंभरेक किलोमीटर. मोटारसायकलवर पेटी आडवी बांधताना भोकाची बाजू मागे ठेवावी. पाणी रस्त्यावर गळत राहिलं तर मागच्या दुचाकीस्वाराचा जीव धोक्यात येतो. गाडीवरही बूच घट्टच हवं.

सगळे मासे बर्फात नकोत

मरळ, वाम असे मासे हवेतूनही श्वास घेऊ शकतात. ओलसर राखले तर ते बराच वेळ जिवंत राहतात आणि जिवंत मरळीला भाव जास्त मिळतो. त्यांच्यासाठी वेगळी, झाकणाला हवेची भोकं असलेली बादली किंवा क्रेट ठेवावं. त्यात थोडं पाणी आणि वर ओलं गोणपाट पुरतं. उलट कटला, रोहू, मृगळ आणि चिलापी जाळ्यातून काढले की लगेच बर्फात गेले पाहिजेत.

माशाची पारख करताना व्यापारी काय बघतो, ते आपणही पेटी बंद करताना बघावं. गलफडं लाल, डोळे फुगीर आणि चकचकीत, पोट घट्ट. बोटानं दाबल्यावर खड्डा भरून आला पाहिजे. एखादा मासा आधीच जाळ्यात मरून फुगला असेल तर तो चांगल्या मालात टाकू नये. एका सडक्या माशाचा वास सगळ्या पेटीला लागतो.

सरकारी मदत मिळते का?

केंद्र सरकारनं २०२० साली सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फपेटीसह सायकल, मोटारसायकल आणि तीनचाकी यांचा समावेश आहे. सर्वसाधारण गटाला मंजूर खर्चाच्या ४० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. मासळी विकणाऱ्या महिलांनी याची चौकशी जरूर करावी. किसान क्रेडिट कार्डाची सोयही २०१८-१९ पासून मच्छीमारांना लागू झाली आहे, त्यातून बर्फ, जाळी, डिझेल अशा चालू खर्चासाठी कर्ज मिळू शकतं.

अर्ज सध्या सुरू आहेत का, कोणती कागदपत्रं लागतील, हे पुण्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात किंवा आपल्या मच्छीमार सहकारी संस्थेत विचारावं. मंजुरीच्या आधी पेटी किंवा गाडी विकत घेऊ नये आणि अनुदान मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नयेत.

वर्षभराचं वेळापत्रक

- रोज : पाणी काढणं, घासणं, चांगल्या पाण्यानं धुणं, झाकण उघडं ठेवून वाळवणं.
- आठवड्याला एकदा : बूच, रबर, पट्टे आणि दोरीचे कान तपासणं.
- दर दोन-तीन महिन्यांनी : काट्यावर रिकामं वजन, रात्री उजेडाची चाचणी.
- फेब्रुवारी-मार्च : पाण्याची चाचणी, बाहेरून पांढरा रंग, गोणपाट नवं. उन्हाळ्याच्या तोंडावर हे झालंच पाहिजे.
- पावसाळ्यात होडी किनाऱ्याला असताना : पेटी उतरवून घरी आणणं, तडे भरणं, ओला थर्माकोल बदलणं.

यातलं आज संध्याकाळीच एक काम करता येईल. अंधार पडला की मोबाईलची बॅटरी पेटीत ठेवा आणि झाकण लावा. उजेडाची रेघ दिसली तर सायकलची जुनी ट्यूब शोधा. उद्याच्या लिलावाआधी पट्टी बसलेली असेल.